घरी बनवलेल्या हेडफोन ॲम्पचा पॉवर सप्लाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेडफोन ॲम्प बनवून झाला, पण घरघरतोय, गरम होतोय, एकाच कानात वाजतोय किंवा मुळीच वाजत नाहीये, अशा तक्रारी माझ्याकडे नेहमी येतात. विचारणाऱ्याने तोवर ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारा आयसी) दोनदा बदललेला असतो. मीटर लावून बघितलं की दोष बहुतेक वेळा पॉवर सप्लायमध्ये किंवा ग्राउंडच्या वायरिंगमध्ये सापडतो. म्हणून ही प्रश्नोत्तरं फक्त सप्लायबद्दल आहेत.

दोन प्रकारचे सप्लाय धरून लिहितो. पहिला घरच्या लाइटवर चालणारा: १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, दोन्ही बाजूंना २२०० मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर, मग ७८१२ आणि ७९१२ हे रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर धरणारे आयसी). दुसरा खिशातला, ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा. चू मॉय यांच्या नावावरून ज्याला सगळे 'सीमॉय' म्हणतात, तो.

ॲम्प चालतच नाही. सुरुवात कुठून करू?

ट्रान्सफॉर्मरकडून. ॲम्पचं सर्किट सप्लायपासून सोडवा, ऑप-ॲम्प आयसी बेसमधून काढून बाजूला ठेवा आणि मीटरचा काळा प्रोब मगरीच्या चिमट्याने ग्राउंडला पक्का धरवा. ग्राउंड म्हणजे दोन मोठे कपॅसिटर जिथे एकमेकांना जोडलेत तो बिंदू. काळा प्रोब तिथून हलवायचा नाही. लाल प्रोब एकेक टप्पा पुढे न्यायचा.

मीटर एसीवर ठेवून ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही टोकांना बघा. ग्राउंडपासून दोन्हीकडे सारखेच, साधारण १२ ते १४ व्होल्ट यायला हवेत. लोड नसताना आकडा लेबलपेक्षा जास्तच दिसतो. मग मीटर डीसीवर. कपॅसिटरवर एकीकडे अधिक १७ ते १९, दुसरीकडे उणे तेवढेच. १२ व्होल्ट एसीचं शिखर १७ च्या जवळ असतं, डायोड त्यातले ०.७ खातो आणि लोड नसल्यामुळे वर थोडे चढतात. त्यानंतर रेग्युलेटरच्या आउटपुटला अधिक १२ आणि उणे १२. इथवर सगळं बरोबर असेल तर ॲम्पचा बोर्ड पुन्हा सप्लायला जोडून रिकाम्या आयसी बेसच्या पायांवर तेच बघा. दुहेरी ऑप-ॲम्पला ८ नंबरच्या पायावर अधिक आणि ४ नंबरवर उणे लागतं.

ज्या टप्प्यावर आकडा बिघडला, दोष त्या टप्प्यात किंवा त्याच्या अगदी पुढे. 'पुढे' अशासाठी की शॉर्ट झालेला पुढचा भाग मागचा व्होल्टेज खाली ओढतो. तेव्हा पुढची वायर सोडवून पुन्हा मोजा. आकडा सुधारला तर मागचा भाग निर्दोष आहे.

सगळे व्होल्टेज बरोबर आले. आता हेडफोन लावू ना?

अजून नाही. ऑप-ॲम्प बसवा, इनपुटला काही जोडू नका, व्हॉल्यूम पूर्ण खाली आणा. हेडफोनच्या जॅकवर ग्राउंड आणि डावा, मग ग्राउंड आणि उजवा, असा डीसी मोजा. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान. ५० च्या वर असेल तर कारण शोधा. व्होल्टमध्ये आकडा येत असेल तर तिथेच बंद करा.

हा एक मुद्दा मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, कारण यातलं नुकसान परत भरून येत नाही. दोन रेलपैकी (अधिक १२ आणि उणे १२ च्या वाटांपैकी) एक मेली की ॲम्पचं आउटपुट बहुतेक वेळा जिवंत रेलकडे जाऊन चिकटतं. नुसता ऑप-ॲम्प असेल तर त्याची स्वतःची करंटची मर्यादा असते, त्यामुळे हेडफोन कधीकधी वाचतो. पण पुढे बीडी१३९ आणि बीडी१४० या ट्रान्झिस्टरांचा बफर (जास्त करंट देणारा टप्पा) लावला असेल तर ३२ ओहमच्या हेडफोनवर १० व्होल्ट डीसी म्हणजे तीन वॅटच्या वर उष्णता. केसासारख्या तारेची ती कॉइल असते. माझ्या भाच्याच्या हेडफोनचा डावा कान असाच गेला. 'टक्' असा एक आवाज झाला, जळक्या वार्निशचा वास आला आणि संपलं. उणे रेलचा एक ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जोड), एवढंच कारण होतं. लाल एलईडी मात्र छान पेटलेला होता, कारण तो अधिक रेलवर जोडलेला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक रेलला वेगळा एलईडी लावतो. पहिल्यांदा ऐकायला पंधरा-वीस रुपयांचा जुना इअरफोन वापरतो, तोही कानात न घालता टेबलावर ठेवून. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाच्या डिझायनरने २०११ साली 'ओटू' ॲम्पचं डिझाइन खुलं केलं. त्यात दोन बॅटऱ्यांपैकी एक जरी उतरली तरी दोन्ही रेल एकदम बंद करणारं सर्किट आहे. ते याच कारणासाठी.

७८१२ वर १४.६ व्होल्ट दाखवतोय. रेग्युलेटर खराब?

आधी मीटरची बॅटरी बदला. स्वस्तातले पिवळे मीटर बॅटरी उतरत आली की खरं सोडून जास्त आकडा दाखवायला लागतात. मी स्वतः एका रविवारी दोन ७८१२ काढून फेकले आणि तिसऱ्यावरही तोच आकडा आला, तेव्हा कुठे मीटर उघडला. नवीन ९ व्होल्टची बॅटरी घातल्यावर तिन्ही रेग्युलेटर १२ च देत होते.

मीटरची बॅटरी नवीन असूनही आकडा इनपुटएवढाच येत असेल, तर रेग्युलेटरचा ग्राउंडचा पाय सुटलाय का ते बघा. तो सुटला की आउटपुट वर चढतं. पाय पक्का असेल तर रेग्युलेटर शॉर्ट झालाय.

पहिल्यांदा लाइट देताना भीती वाटते. काय करू?

भीती वाटणं योग्य आहे. २३० व्होल्टच्या बाजूला चूक चालत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या प्रत्येक जोडावर स्लीव्ह चढवा, नुसती टेप गुंडाळून सोडू नका. तीन पिनांचा पिन टॉप वापरा आणि डबा धातूचा असेल तर अर्थिंगची वायर डब्याला स्क्रू-नटने आवळा. घरात एकटे असताना हे काम करू नका.

मग सिरीज बोर्ड. टीव्ही दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात टेबलावर असतो तोच: फेजच्या वाटेत एक फिलामेंटचा बल्ब. एवढ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला २५ वॅटचा पुरतो, जुना झिरोचा बल्बही चालतो. एलईडी बल्ब मात्र इथे उपयोगाचा नाही. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर लुकलुकून विझतो किंवा अगदी मंद राहतो. उजळ पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, पण बल्बने करंट अडवल्यामुळे काही जळलेलं नसतं. डायोड उलटा बसलाय का, कपॅसिटरची पट्टीची बाजू चुकलीय का, हे तेव्हा शांतपणे बघता येतं.

ट्रान्सफॉर्मरच्या पाच वायरी आहेत. कोणती कुठली?

रंगांवर विसंबू नका, प्रत्येक बनवणारा वेगळे रंग लावतो. ओहमवर मोजा. प्रायमरीच्या दोन वायरींमध्ये शेकड्यात ओहम दिसतात. सेकंडरीच्या तीन वायरींमध्ये एक-दोन ओहमच्या आसपास. त्या तिघींत ज्या दोघींमध्ये सर्वात जास्त रेझिस्टन्स, त्या दोन्ही टोकांच्या, आणि उरलेली सेंटर टॅप. प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यात काहीही दिसायला नको. दिसलं तर तो ट्रान्सफॉर्मर वापरायचाच नाही.

अधिक १२ येतोय, उणे १२ येत नाही. असं का?

सर्वात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याला तीन-चार वेगवेगळी कारणं आहेत.

पहिलं, पाय. ७८१२ अक्षरांची बाजू आपल्याकडे करून धरला तर डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ मध्ये तोच क्रम ग्राउंड, इनपुट, आउटपुट असा होतो. दोघे जुळे दिसतात, पण पाय वेगळे. ७८१२ सारखाच ७९१२ बसवला की इनपुटचा उणे व्होल्टेज थेट त्याच्या ग्राउंडच्या पायाला जातो. एलएम३१७ आणि एलएम३३७ ची जोडी वापरत असाल तर तिथेही हाच घोळ आहे. ३१७ चा क्रम ॲडजस्ट, आउटपुट, इनपुट, तर ३३७ चा ॲडजस्ट, इनपुट, आउटपुट.

दुसरं, पाठीची धातूची पट्टी. ही गोष्ट आकृतीत दिसत नाही म्हणून चुकते. ७८१२ ची पट्टी आतून ग्राउंडला जोडलेली असते, ७९१२ ची इनपुटला. दोघांना एकाच हीट सिंकवर नुसते स्क्रूने आवळले की ७९१२ चं इनपुट ७८१२ च्या पट्टीमार्गे ग्राउंडला शॉर्ट. ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, डायोड तापतात आणि उणे बाजूला शून्य दिसतं. हे टाळायला पट्टीखाली मायकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश लागतो. बसवून झाल्यावर मीटर बीपवर ठेवा आणि पट्टीपासून हीट सिंकला तपासा. आवाज यायला नको. कधी मायका नीट असते, पण हीट सिंकच्या भोकाला ड्रिलचा बारीक बूर राहिलेला असतो आणि आवळताना तो मायकेतून आरपार जातो. भोकावर कानशीचा एक हात फिरवला की काम झालं.

मला विचाराल तर छोट्या ॲम्पला दोन वेगळे छोटे हीट सिंक लावावेत, एकमेकांना न टेकता. मायका, बुश, कशाचीच भानगड नाही. फक्त ते डब्याला लागत नाहीत ना एवढं बघायचं.

तिसरं कारण जरा चमत्कारिक आहे. सप्लाय एकटा असताना दोन्ही रेल बरोबर, पण ॲम्प जोडून लाइट दिली की कधीकधी एक रेल उठतच नाही. पुन्हा बंद-चालू केलं की उठते. दोन रेग्युलेटरपैकी जो आधी जागा होतो तो ॲम्पमधून दुसऱ्याच्या आउटपुटला उलट्या दिशेने ओढतो, आणि आउटपुट शून्याच्या पलीकडे गेलं की दुसरा रेग्युलेटर तिथेच अडकून बसतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक आउटपुटपासून ग्राउंडला एकेक १एन४००७ डायोड उलटा लावायचा. अधिक रेलवर पट्टीची बाजू रेलकडे, उणे रेलवर पट्टीची बाजू ग्राउंडकडे. दोन रुपयांचं काम आहे, आणि तरी निम्म्या आकृत्यांमध्ये ते दाखवलेलं नसतं.

हे सगळं तपासूनही उणे रेल येत नसेल तर ब्रिजमधला एखादा डायोड बघा.

रेग्युलेटर काही जोडलेलं नसतानाही तापतो. का?

तो ऑसिलेट होत असेल, म्हणजे त्याचं आउटपुट आपोआप वेगाने वर-खाली होत असेल. ७९१२ आणि एलएम३३७ यांना आउटपुटला कपॅसिटर लागतोच, तो शोभेचा नाही. ७९१२ ला आउटपुटच्या पायाजवळ १ मायक्रोफॅरडचा टँटलम किंवा २५ मायक्रोफॅरडच्या वरचा साधा इलेक्ट्रोलिटिक द्या. 'जवळ' म्हणजे बोटभर अंतरात. झिरो पीसीबीवर लांब वायरी ओढून मोठा कपॅसिटर टोकाला लावला तर त्याचा उपयोग नाही. तसाच ऑप-ॲम्पच्या ८ आणि ४ नंबरच्या पायांपासून ग्राउंडला एकेक १०४ चा (म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर हवा. ऑप-ॲम्पला बोट लावून बघा. सिग्नल नसताना चटका बसत असेल तर तोही ऑसिलेट होतोय.

संध्याकाळी घरघर येते, दुपारी येत नाही. हे कसं काय?

गावाकडून हा प्रश्न हटकून येतो, आणि यात सर्किटची चूक नसते. संध्याकाळी लोड वाढला की लाइनचा व्होल्टेज पडतो. समजा २३० चा १८० झाला. १२ व्होल्टच्या सेकंडरीवर मग साडेनऊच्या आसपास येतात, शिखर सव्वातेरा, डायोड वजा केला की साडेबारा. ७८१२ ला आउटपुटपेक्षा इनपुट किमान दोन व्होल्ट जास्त लागतं, म्हणजे १४. तेवढं नाही मिळालं की तो नियंत्रण सोडतो आणि कपॅसिटरवरची सगळी लहर सरळ पुढे पाठवतो. तीच घरघर तुम्ही ऐकता.

खात्री करायची असेल तर घरघर चालू असताना घरचा व्होल्टेज आणि ७८१२ चं इनपुट, दोन्ही मोजा. उपाय दोन आहेत. १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर लावा, पण कपॅसिटर ३५ व्होल्टचे घ्या, कारण रात्री उशिरा लाइन २५० वर गेली की त्यांच्यावर पंचवीसच्या आसपास येतात. किंवा ट्रान्सफॉर्मर तोच ठेवून ७८०९ आणि ७९०९ बसवा. अधिक-उणे ९ व्होल्ट हेडफोनला भरपूर आहेत, आवाजात काही कमी पडत नाही. मी दुसरा मार्ग घेतो, तेवढाच डबा थंड राहतो.

लाइट गेली, इन्व्हर्टर लागला आणि ॲम्प कर्कश वाजायला लागला.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. साइन वेव्हचं शिखर व्होल्टेजच्या १.४ पट असतं, स्क्वेअर वेव्हचं शिखर तेवढंच राहतं. म्हणजे जिथे १७ व्होल्ट मिळायचे तिथे आता दहा-अकरा. ७८१२ ला ते पुरत नाहीत, शिवाय त्या लाटेच्या उभ्या कडा ट्रान्सफॉर्मरमधून आरपार येतात. इन्व्हर्टरवर ऐकायचंच असेल तर साइन वेव्हचा इन्व्हर्टर किंवा बॅटरीचा ॲम्प.

व्होल्टेज सगळे बरोबर आहेत, तरीही हम येतो. आता काय बदलू?

काही बदलू नका, आधी ऐका. व्हॉल्यूम पूर्ण खाली करा. हम गेला तर तो इनपुटमधून येतोय. मोबाइल जोडून बघा, चार्जर न लावता. मोबाइलवर शांत आणि कॉम्प्युटरवर हम, असं असेल तर तो ग्राउंड लूप आहे (दोन उपकरणांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली जाऊन झालेला फेरा), सप्लायचा दोष नाही.

व्हॉल्यूम खाली करूनही हम तसाच राहिला तर तो सप्लायचा किंवा वायरिंगचा. आपल्याकडची लाइन ५० हर्ट्झची. ब्रिजनंतरची लहर १०० हर्ट्झची असते, जरा खरखरीत. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारा हम ५० हर्ट्झचा, खोल आणि गोल. ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सोडून तो हातात घ्या (प्रायमरीचे जोड झाकलेले असतानाच) आणि हळूहळू फिरवा. एखाद्या कोनात हम जवळजवळ नाहीसा होत असेल तर तीच त्याची जागा. बोर्डपासून जेवढा लांब नेता येईल तेवढा न्या. मोठ्या डब्याचे पैसे इथे वसूल होतात.

१०० हर्ट्झची खरखर असेल तर बहुतेक ग्राउंडची वायर चुकीच्या ठिकाणाहून घेतलेली असते. सेंटर टॅप ते दोन कपॅसिटरांचा मधला जोड, या तुकड्यातून करंट सेकंदाला शंभर वेळा झटक्याझटक्याने वाहतो. त्या तुकड्यावरच्या कुठल्याही बिंदूवरून ॲम्पचं ग्राउंड घेतलं तर ते झटके तुमच्या सिग्नलमध्ये मिसळतात. मीटरवर यातलं काही दिसत नाही, सगळीकडे शून्यच दिसतं.

म्हणून सेंटर टॅपची वायर आधी कपॅसिटरांच्या जोडावर आणा. तिथून एक वेगळी वायर काढून एका ठिकाणी नट-बोल्टचा किंवा जाड सोल्डरचा तारा, म्हणजे सगळ्या ग्राउंडचा एकच जोडबिंदू, करा. रेग्युलेटरांचं ग्राउंड, हेडफोन जॅकचं ग्राउंड, इनपुटचं ग्राउंड, प्रत्येकाची स्वतंत्र वायर त्या ताऱ्यावर आणा. कुणाचंही ग्राउंड दुसऱ्याच्या वायरीवर टांगू नका. कागदावर आकृती आहे तशीच राहते, फक्त वायरी जागा बदलतात. एका मित्राने हम घालवायला २२०० चे ४७०० केले, मग १०,००० केले, काही फरक पडला नाही. त्याच्या ॲम्पमध्ये आम्ही एकच वायर दोन इंच सरकवली. त्यानंतर व्हॉल्यूम पूर्ण वर करूनही पंख्याचा आवाज हमपेक्षा मोठा वाटत होता.

मग मोठा कपॅसिटर लावून फायदा नसतोच का?

असतो, पण मर्यादेत. १०० मिलिॲम्पिअरच्या लोडला १००० मायक्रोफॅरडवर एक व्होल्टची लहर राहते, २२०० वर अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी. त्यापुढचं काम रेग्युलेटर करतो. जुन्या टीव्हीतून काढलेले कपॅसिटर मात्र वापरू नका. वर्षानुवर्षं तापून ते आतून सुकलेले असतात.

९ व्होल्टच्या बॅटरीवर आउटपुटला डीसी येतोय. ऑप-ॲम्प बदलू का?

सीमॉयमध्ये ग्राउंड खरं नसतं, ते बॅटरीच्या मधोमध आपण तयार केलेलं असतं. दोन ४.७ किलोओहमचे रेझिस्टर, त्यांच्या मधला बिंदू म्हणजे ग्राउंड. तिथून अधिक बाजूला साडेचार आणि उणे बाजूला साडेचार यायला हवेत. एकीकडे सहा आणि दुसरीकडे तीन येत असतील तर त्या मधल्या बिंदूतून कोणीतरी करंट ओढतंय.

आधी एलईडी बघा. तो अधिक आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावलाय का? त्यातून एक मिलिॲम्पिअर जरी वाहिला तरी ४.७ किलोओहमच्या जोडीवर मधला बिंदू सव्वादोन व्होल्टहून जास्त सरकतो. एलईडी नेहमी बॅटरीच्या अधिक आणि उणे या दोन टोकांमध्येच लावा.

मग डबा. धातूचा डबा असेल, पेढ्यांचा असो की पेन्सिलींचा, त्यावर हेडफोन जॅक आणि ॲडॅप्टरचा डीसी जॅक, दोन्ही धातूच्या नटाने बसवले तर गडबड होते. हेडफोन जॅकची बाही म्हणजे ग्राउंड, डीसी जॅकची बाही म्हणजे उणे. डब्यातून दोन्ही एक झाले. डीसी जॅक प्लास्टिकचा घ्या.

तिसरा प्रकार अलीकडे फार वाढलाय. ॲम्पमध्ये ब्लूटूथ मॉड्यूल घालतात आणि त्याला त्याच बॅटरीतून ५ व्होल्ट देतात. मॉड्यूलचं ऑडिओ ग्राउंड आणि बॅटरीचं उणे टोक आतून एकच असतं. ते ऑडिओ ग्राउंड ॲम्पच्या ग्राउंडला जोडलं की मधला बिंदू उणे टोकाला जाऊन बसतो. आवाज फाटतो, ऑप-ॲम्प तापतो, आणि माणूस मॉड्यूल खराब म्हणून दुसरं आणतो. मॉड्यूलला वेगळी बॅटरी द्या. नाहीतर मध्ये बी०५०५एस सारखा विलग डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा, त्याचं इनपुट आणि आउटपुट एकमेकांना जोडलेलं नसतं.

यातलं काहीच नसेल तर रेझिस्टरांच्या जागी टीएलई२४२६ बसवा. तो मधला बिंदू स्वतः धरून ठेवतो. आणि ऑप-ॲम्प कोणता लावलाय तेही बघा. एनई५५३२ ला अधिक-उणे ५ व्होल्ट तरी हवेत, नवी बॅटरीसुद्धा त्याला कमी पडते. ओपीए२१३४ अधिक-उणे अडीचपर्यंत चालतो.

मोबाइलच्या चार्जरवर किंवा राउटरच्या ॲडॅप्टरवर चालवू का?

चालतो, पण दोन तक्रारी येतील. एक, बारीक शिटी किंवा फसफस. दुसरी, डब्याला हात लावला की झिणझिण्या. दोन पिनांच्या स्विचिंग ॲडॅप्टरमध्ये लाइनच्या बाजूपासून डीसी बाजूला एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून किंचित करंट झिरपतो. मीटरवर अर्थिंगपासून शंभराच्या आसपास एसी दिसला तर दचकू नका, करंट अगदी थोडा असतो. पण झिणझिण्यांऐवजी खराखुरा झटका बसला तर तो ॲडॅप्टर त्याच दिवशी फेका.

१२ व्होल्टचे दोन ॲडॅप्टर एकापुढे एक जोडून अधिक-उणे १२ करता येतात: एकाचं अधिक दुसऱ्याच्या उणेला, तो जोड म्हणजे ग्राउंड. दोन्ही एकाच बटणावर चालू-बंद व्हायला हवेत. एकच चालू राहिला तर हेडफोनवर डीसी येतो, म्हणजे पुन्हा वर सांगितलेला धोका.

चालू-बंद करताना कानात 'धप्प' होतं.

दोन्ही रेल एकाच क्षणी उठत नाहीत म्हणून. हेडफोनच्या वाटेत तीन-चार सेकंद उशिरा लागणारा आणि बंद करताच सुटणारा रिले टाका. तोवर हेडफोन शेवटी लावा आणि आधी काढा.

फ्यूज किती ॲम्पिअरचा?

१२-०-१२, ५०० मिलिॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे १२ व्हीए. २३० व्होल्टवर पूर्ण लोडलाही पन्नासेक मिलिॲम्पिअरच लागतात. प्रायमरीला, फेजच्या बाजूला, २५० मिलिॲम्पिअरचा स्लो ब्लो फ्यूज ठीक आहे. फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा घालू नका, तांब्याची तार तर मुळीच नको. सिरीज बोर्डवर परत जा.

सामान कुठून घेऊ?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. रेग्युलेटर, डायोड, १०४ चे कपॅसिटर कुठेही घ्या. ट्रान्सफॉर्मर मात्र दुकानातच लोडवर तपासून घ्या. मी एका दुकानातून '१ ॲम्पिअर' असं लेबल असलेला घेतला होता. घरी पाव ॲम्पिअर ओढल्यावरच तो १२ वरून ९ वर आला. वजनावरून निम्मं कळतं: ५०० मिलिॲम्पिअरचा आणि १ ॲम्पिअरचा, दोन्ही दोन हातांत घ्या. वजनात फरकच लागत नसेल तर ठेवून द्या.

बिल करण्याआधी १२० ओहम, ५ वॅटचा एक रेझिस्टरही घ्या. १२ व्होल्टवर तो १०० मिलिॲम्पिअर ओढतो, म्हणजे ॲम्पच्या जागी लावून सप्लाय एकटा तपासता येतो. आधी अधिक रेलला, मग उणे रेलला, दहा-दहा मिनिटं. तेवढ्या वेळात आकडा १२ वरून हलला नाही आणि रेग्युलेटरच्या हीट सिंकवर बोट ठेवता आलं, की मग ॲम्प जोडा.